मागच्या गवताची व्यवस्था

त्या सकाळी मी दूध तापवलं, ओटा पुसला, पालथी घातलेली भांडी फळीवर लावली आणि मागच्या दारातल्या बादलीतून गवताचं बी उपसून काढलं. ते आदल्या दिवशी भिजत घातलं होतं. पाणी निथळू दिलं, मग बी एका जुन्या सुती फडक्यात बांधलं आणि गाठोडं पायरीच्या सावलीत ठेवलं. भिजलेल्या बियाला वास येतो, झोपेतून उठलेल्या मुलाच्या केसांना येतो तसा. मागे माती चाळणं चालू होतं. चाळणीचा खस् खस् आवाज एका लयीत येत होता आणि त्याच लयीत मी केर काढत होते. दोनदा चहा झाला. ऊन पायरीवरून खाली उतरलं.

वकिलांचा कारकून म्हणतो, मृत्युपत्राची सुरुवात अशी करत नाहीत. तर आता रीतसर करते.

मी, खाली सही करणारी, वयाने वृद्ध, धंदा घरकाम आणि वाचन, असं जाहीर करते की माझं डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे. त्यांनी मला आजचा वार विचारला, तो मी सांगितला. मग मी त्यांना तारीख विचारली, तर त्यांना भिंतीकडे बघावं लागलं. माझ्यावर कुणाचंही दडपण नाही. कुणी धाक घातलेला नाही, फूस लावलेली नाही, आणि मला गोड बोलून गुंडाळत बसायला सध्या कुणाला वेळही नाही. कारकुनाने पूर्वी केलेला कच्चा मसुदा रद्द समजावा. का, ते पुढे येईलच.

माझे यजमान वारले त्याला बरीच वर्षं झाली. त्यांना यापुढे या कागदात ‘हे’ असं म्हटलं जाईल, कारण जन्मभर तेच म्हटलं. मला एक मुलगा आणि एक मुलगी. दोघंही सज्ञान आणि आपापल्या संसारात. मुलगा लांबच्या शहरात नोकरीला आहे. मुलगी इथेच राहते, इस्पितळात नर्स आहे.

हा कागद मी स्वतःच्या हाताने लिहिला आहे. शाळेत मी गेले नाही. अक्षरं पुड्यांच्या कागदांवरून आणि दुकानांच्या पाट्यांवरून जुळवली. जोडाक्षरं यांनी शिकवली, हत्यारांच्या दुकानातून आणलेल्या माहितीपत्रकावरून. त्यामुळे मला ‘स्क्रू’ आणि ‘स्प्रिंग’ आधी लिहिता आलं, ‘प्रिय’ फार उशिरा. पुढे वाचनालयाची वर्गणी भरली आणि जे हाताला लागेल ते वाचत सुटले.

भांडणाचा मुद्दा आधीच सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्याचा जीव टांगणीला लागायला नको. घराच्या मागे गवत आहे. मुलगा त्याला लॉन म्हणतो. त्याला ते काढून तिथे फरशी घालायची आहे. कच्च्या मसुद्यात मी अट घातली होती, की घर मुलाला मिळेल. पण त्याने मागच्या जागेवर फरशी, सिमेंट किंवा छप्पर घातलं, तर त्या दिवसापासून घर मुलीचं होईल. ही अट ठेवायची की काढायची, ते मला हा कागद संपायच्या आत ठरवायचं आहे. म्हणून घराचं कलम सगळ्यांत शेवटी ठेवते आणि बाकीचं आधी वाटून मोकळी होते.

कलम पहिलं. बँकेत जे असेल ते दोघांत सारखं. बांगड्या सुनेला, गळ्यातली साखळी लेकीला. कुणाचं जड, कुणाचं हलकं, हे मी तोलून पाहिलेलं नाही, तुम्हीही पाहू नये. कपाट सुनेला आवडतं हे मला माहीत आहे. ती बोलत नाही, पण आली की त्याच्या दारावरून हात फिरवते. कपाट तिचं. माझी पुस्तकं वाचनालयाला द्यावी. त्यांनी जागा नाही म्हटलं तर तिथल्या बाईंना सांगावं, खिडकीखालची पेटी रिकामीच आहे, मी पाहून ठेवलंय.

कलम दुसरं, हत्यारं. हे लांबणार आहे. कारकुनाने तीन शब्द लिहिले होते, ‘किरकोळ जुनी अवजारे’. ते मी खोडले.

हे कारखान्यात फिटर होते. सगळी हयात सिमेंटच्या जमिनीवर उभं राहण्यात गेली. घरी आले की पहिल्यांदा बूट काढायचे आणि न्हाणीच्या दारातल्या ओल्या पायपुसण्यावर डोळे मिटून उभे राहायचे. तळपाय लाकडासारखे झाले होते. एकदा म्हणाले, निवृत्त झालो की पायाखाली काहीतरी मऊ पाहिजे. मला वाटलं, गालिचा. मी चिंध्या जमवून विणायलाही घेतला. यांच्या डोक्यात गवत होतं.

गवत करायचं म्हणजे आधी जमीन करायची. आमच्या मागची जागा म्हणजे घर बांधताना उरलेला सगळा राडारोडा. विटांचे तुकडे, चुना, बाटल्यांच्या काचा. विकतचं हत्यार यांच्या हाताला परकं वाटायचं. दुकानात जायचे, दाताळं हातात घेऊन सगळ्या बाजूंनी न्याहाळायचे, परत जागेवर ठेवायचे आणि घरी येऊन तसंच बनवायला घ्यायचे. दुकानदार मला एकदा म्हणाला, “काकू, काकांना सांगा, निदान खिळे तरी आमच्याकडून घेत जा.”

चाळण केली ती खिडकीच्या जुन्या जाळीची, मोडक्या खाटेच्या चौकटीत बसवून. ही मुलीला. तिला माती चाळायची नाही, पण गच्चीवर वाळवण घालायला तिने ती दोनदा मागून नेली आहे. तिसऱ्यांदा परत आणायला नको.

दाताळं, हेही मुलीला, पण ते कसं झालं ते ऐकूनच घ्यावं. दुपारी हे मागच्या खोलीत काम करायचे आणि मी दाराशी बसून पुस्तक वाचायची, मोठ्याने. यांना स्वतःला वाचायचा कंटाळा होता, पण ऐकायला आवडायचं. अडचण एवढीच की हातोडा पडला की शब्द बुडायचा. मग ठरलं, वाक्य संपलं की ठोका. पूर्णविरामापाशी मी थांबायची, हातोडा पडायचा, की पुढचं वाक्य. त्या दाताळ्याचे सगळे दात एका कादंबरीत ठोकलेले आहेत. भांडणाच्या प्रसंगात माणसं तुटक बोलत होती, तिथे खिळे भराभर बसले. पुढे नदीचं वर्णन आलं, आणि त्या लेखकाने एक वाक्य जे सुरू केलं ते पान उलटलं तरी संपेना. हे हातोडा उगारून उभे. मी मुद्दाम सावकाश वाचत होते, हे त्यांच्या लक्षात आलं असावं, कारण मिशीत हसत होते. शेवटी पूर्णविराम आला तोवर हात भरून आला होता. ठोका तिरका पडला. तो एक दात अजून वाकडा आहे. तो कुणी सरळ करू नये.

फळी म्हणजे न्हाणीचं जुनं दार. त्याला पुढून दोर बांधला. माती भुसभुशीत झाल्यावर तिच्यावरून ही फळी ओढत न्यायची, म्हणजे उंचवटे निघतात आणि खड्डे भरतात. फळीवर वजन लागतं. दगड ठेवले तर घसरायचे, म्हणून मी बसायची. हे दोर खांद्यावर घेऊन पुढे आणि मी मागे फळीवर मांडी घालून, मांडीवर पुस्तक. शेजारच्या गच्चीवरून माणसं बघायची. मुलगी तेव्हा कॉलेजात होती, ती मैत्रिणींना घरी आणायची बंद झाली. पण चाळलेल्या मातीवरून फळी जाते तेव्हा आवाज येत नाही आणि धक्काही बसत नाही. होडीत बसल्यासारखं वाटतं. कुंपण जवळ येतं, हळूच वळतं, लांब जातं. अक्षरं पुसट व्हायची आणि माझा डोळा लागायचा. जाग यायची तेव्हा फळी थांबलेली असायची आणि हे कंबरेवर हात ठेवून म्हणायचे, “उतरा, स्टेशन आलं.”

अजूनही मी झोपेत त्या फळीवर असते. पुढे यांची पाठ दिसते, घामाने सदरा चिकटलेला. कुंपण काही येत नाही. माती पुढे पुढे पसरतच राहते, आणि मला उतरायची घाई नसते.

फळी मी कुणालाच देत नाही. ती पायरीला टेकून आहे तशी राहू द्यावी.

पाण्याच्या नळीबद्दल. ही नळी पारदर्शक, बागेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पुरेल एवढी. तिच्यात पाणी भरलं की दोन्ही टोकांना पाणी एकाच उंचीवर थांबतं, त्यावरून जमिनीची पातळी कळते. कारखान्यात यांना ‘पाणसळ’ म्हणायचे, ते उगीच नाही. यांना तिरकी तसबीर दिसली की जेवण जात नसे. कितीतरी सकाळी मी नळीचं एक टोक धरून कुंपणापाशी उभी असायची आणि हे दुसरं टोक धरून पायरीपाशी. तिकडून विचारायचे, “थांबलं का?” मी म्हणायची, “थरथरतंय.” म्हणायचे, “श्वास घेऊ नकोस.” मग दोघंही श्वास रोखून उभे. मधे सगळी काळी माती, आणि दोघांच्या हातात तेच पाणी.

जमीन इतकी सपाट झाली की शेवटी तीच चूक ठरली. बी पेरलं, गवत बोटभर आलं, आणि एका पावसात सगळ्यावर पाणी चढलं. उतारच नाही, तर पाण्याने जायचं कुठे? ते जिथल्या तिथे थांबलं. इतकं स्वच्छ, सपाट, शांत, की त्यात ढग पूर्ण दिसायचे आणि कडेने शेजारच्या गच्चीवरचे वाळत घातलेले कपडे. बघायला फार सुंदर होतं. खाली गवत कुजलं. हे पायरीवर बसून बघत राहायचे. मी एकदा म्हटलं, “आपलं गवत गेलं हो.” तर म्हणाले, “गवत आपलं कुठे होतं? आपण हत्यारं केली. ती आहेत जागच्या जागी.” आणि पुढच्या आठवड्यात सगळी जमीन पुन्हा खणायला काढली. या वेळी दाराकडून कुंपणाकडे उतार द्यायचा होता. मुद्दाम तिरकं करायचं म्हणजे यांच्या जिवावर आलं. दिवसभर उतार काढायचे आणि संध्याकाळी डोकं एका बाजूला कलतं करून बघायचे, म्हणजे डोळ्यांना सरळ दिसावं.

नळी माझ्या धाकट्या दिरांना. त्यांनी ती न्हाणीघर बांधताना नेली होती आणि परत केली ती छिद्र पाडून. छिद्र पडलं हे सांगितलं नाही, चिकटपट्टी लावून गुंडाळून दिली. ती नळी त्यांना चिकटपट्टीसकट मिळावी. माझं त्यांच्यापाशी आणखी एक येणं आहे, ते आता येईल.

रोलर. तेलाच्या छोट्या पिंपात काँक्रीट भरून आणि मधून लोखंडी नळ आरपार घालून केलेला. पिंप रिकामं असताना मागच्या खोलीत नेलं होतं, आडवंतिडवं करून सहज गेलं. भरून, वाळवून, दोन्ही बाजूंना दांडे बसवून झाले आणि हे तो बाहेर काढायला गेले, तर दाराच्या चौकटीपेक्षा नळ लांब. उभा करावा तर तिघांना उचलेना. ज्या माणसाने सगळ्या घराची मापं तोंडपाठ केली होती, त्याने दाराचं माप घेतलं नव्हतं. दीर आले होते, त्यांनी नीट पाहून घेतलं आणि म्हणाले, “दादा, रोलर राहू दे आत. घरच बाहेर काढ.” शेवटी गवंडी बोलावून चौकट फोडली. मागच्या खोलीचं दार इतकं रुंद का, असं पुढे कुणी विचारलं, तर हे उत्तर आहे.

रोलर कुणाला, हे आत्ता लिहीत नाही. त्याचं आणि घराचं एकत्र आहे.

आता त्या सकाळकडे परत यावं लागतं. उतार झाला होता. माती चाळून, दाबून, पुन्हा दाताळ्याने वरची वर मोकळी केली होती. बी फडक्यात बांधून ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी पेरायचं, असं ठरलं होतं. दुपारी हे चाळण बाजूला ठेवून पायरीवर येऊन बसले. म्हणाले, “जरा टेकतो.” मी पाणी घेऊन आले तेव्हा मान खांद्यावर होती आणि हाताला माती तशीच होती. डॉक्टर म्हणाले, काही कळलंसुद्धा नसेल. बरं झालं असेल. मला मात्र सगळं कळलं.

रात्रभर माणसं येत होती. मुलगा पहाटे आला. यांना पोचवून सगळे घरी परतले. त्यानंतरचा दिवस उजाडला तेव्हा दोन्ही खोल्यांत माणसं बसली होती, भिंतीला टेकून, हळू आवाजात बोलत. मी पाणी आणायला मागच्या दारी गेले. पायरीच्या सावलीत गाठोडं होतं. सोडून पाहिलं तर बी उकललं होतं, प्रत्येकाला पांढरं टोक आलं होतं. इतकं बारीक की नुसत्या डोळ्यांना दिसणं कठीण, पण बोटांना लागत होतं. भिजवलेलं बी फडक्यात आणखी एक दिवस राहिलं तर गरम होतं आणि आंबतं. आमच्याकडे दुसरं बी नव्हतं. पण असेही काही विचार माझ्या डोक्यात आले असं नाही. जसा गॅसवर दूध वर यायला लागलं की हात जातो, तसा माझा गेला. मी दुधाच्या पावडरीचा भोकं पाडलेला डबा घेतला, एकदा उभं आणि एकदा आडवं चालत बी टाकलं, वर चाळलेली माती भुरभुरली. मग रोलर ओढला. बी मातीला चिकटलं नाही तर उगवत नाही, म्हणून.

रोलरचा आवाज आत गेला. दीर मागच्या दारात आले. म्हणाले, “वहिनी, आत माणसं बसलीत.” मी म्हटलं, “हो भाऊजी, एवढं आटपते.” ते आत गेले आणि माणसांसमोर माझ्या मुलाला म्हणाले, “तुझ्या आईची बाग आधी होऊ दे, मग आपण रडू.” हे मला मुलीने नंतर सांगितलं. हेच ते येणं. भाऊजी, तुम्हाला भावाचं दुःख होतं, हे मला माहीत आहे. पण तेव्हा तुम्ही जे बोललात ते माझ्या मुलाच्या कानात राहिलं आणि तो अजून तेच घेऊन फिरतो. ते मी तुम्हाला माफ करत नाही. नळी घ्या.

गवत आलं. आधी कुणीतरी हिरवा श्वास सोडावा तसं, वाकून पाहिलं तरच दिसे असं. नंतर दाट. यांनी ते पाहिलं नाही. यांचे तळपाय त्यावर एकदाही पडले नाहीत. म्हणून मी रोज सकाळी चपला पायरीवर काढून खाली उतरते आणि थोडा वेळ नुसती उभी राहते. दव असतं तेव्हा थंडी टाचेतून गुडघ्यापर्यंत चढते. ऊन वर आलं की गवताचा हिरवा उजेड स्वयंपाकघराच्या छतावर पडतो आणि हलत राहतो. ओट्यापाशी उभं राहून मला वाटतं, मी पाण्याखाली काम करते आहे. सुनेला सांगितलं तर ती म्हणाली, “आई, डोळे तपासून घ्या.” मग तिने वर पाहिलं आणि स्वयंपाकघरातला दिवा मालवला.

गेल्या हिवाळ्यात मी त्या ओल्या गवतावर घसरले आणि मनगट मोडलं. मुलगा आला तो पिशवीत फरशीचे नमुने घेऊनच. जेवणाच्या टेबलावर मांडले, खडबडीत, न घसरणारे, एक राखाडी, एक विटकरी. म्हणाला, “आई, परत पडलीस तर मी तिकडून किती वेळात पोचणार, विचार कर.” मी म्हटलं, “आणि फरशीवर पडले तर लवकर पोचशील का?” मुलगी हसली, तो नाही हसला. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. त्याला माझी काळजी आहे, तो रोज फोन करतो, औषधं विचारतो. पण जाताना पायरीवर बसून बुटाची नाडी बांधत होता, तेव्हा मान वर न करता म्हणाला, “आत माणसं बसली होती आणि तू रोलर ओढत होतीस. तो आवाज मला अजून येतो. इथलं गवत दिसलं की येतो.”

मी विचारलं, जेवणाचा डबा घेतलास का? तो म्हणाला, घेतला. आणि गेला.

त्याच आठवड्यात मी कारकुनाकडे गेले आणि अट घालून घेतली. रागानेच. मला वाटलं, ज्या गवतासाठी माणूस गेला ते काढायचं म्हणतो, तर कायद्याने बांधूनच ठेवते. मुलीला मसुदा दाखवला. तिने वाचला, घडी केली आणि म्हणाली, “अट घालायची तर घाल. पण ते घर माझ्या अंगावर टाकू नकोस. दादाशी मला पुढेही बोलायचं आहे.”

हा कागद लिहायला मी मागच्या दारात बसले आहे. मधे डोळा लागला होता. फळीवर होते. पुढे यांची पाठ होती. मी विचारलं, अट घालू का हो? यांनी वळून पाहिलं नाही. दोर थोडा खांद्यावर सारून घेतला, एवढंच. जागी झाले तेव्हा लेखणीची शाई कागदावर पसरली होती, तो डाग वर दिसेल. त्याला खाडाखोड समजू नये.

मुलगा अटीला घाबरून गवत राखेल, हे मला माहीत आहे. तो शब्दाचा पक्का आहे. माळी लावील, पाणी घालील. आणि दर वेळी या दारात आला की त्याला तो आवाज येईल, तो जिवंत असेपर्यंत. अशी वस्तू मी माझ्या मुलाला लिहून देऊ शकत नाही.

म्हणून कलम तिसरं आणि शेवटचं. हे राहतं घर, पुढची-मागची जागा आणि त्यावर जे काही उगवलेलं असेल त्यासह, मी माझ्या मुलाला देते. कोणतीही अट नाही. मुलीची याला संमती आहे, तिने बाजूला सही केली आहे. मला काही झालं तर सगळे व्यवहार तिनेच पाहावेत, तिला कागद वाचता येतात आणि माणसंही.

फरशी घालायची तर घाल, बाळा. राखाडी चांगली होती. फक्त घालताना उतार दाराकडून कुंपणाकडे राहू दे. गवंडी आळस करतात, सपाट घालून मोकळे होतात. मग पाणी साचतं आणि तू घसरशील.

रोलरही तुझा. ठेव, फोड, पुरून टाक. आवाज येतो तो नळाला तेल नसतं म्हणून. त्या दिवशी तेल घालायला मला सुचलं नाही. नंतर मी नेहमी घालत आले.

आणि एक. बी भिजवलेलं होतं. तुझ्या बाबांनी आणि मी आधीच भिजत घातलं होतं, ते तुला कुणी सांगितलं नाही. तू पहाटे आलास, तुला गाठोडं दिसलं नाही, आवाज तेवढा ऐकू आला. मी त्या दिवशी बाग करत नव्हते. त्यांच्या हातचं अर्धं राहिलेलं काम हातात होतं, तेवढं संपेपर्यंत ते अजून मागेच आहेत असं वाटत होतं. रोलर ठेवला आणि मग ते गेले. मी आत येऊन तुझ्या शेजारी बसले, तेव्हा माझ्या हाताला माती होती. तू ती पाहिलीस आणि सरकून बसलास. मला राग नव्हता आला. तुझा हात धरायचा होता, पण हात धुतले नव्हते.

हे सगळं मी समजून उमजून लिहिलं, वाचून पाहिलं आणि मला ते मान्य आहे.

सही: (माझी, थोडी वाकडी आली आहे, मनगट अजून पूर्ण वळत नाही)

साक्षीदार पहिली: शेजारची शिलाईवाली. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देता येत नाही असं कारकुनाने सांगितलं, म्हणून माझी मोठी कात्री तिला आजच हातात दिली. ती नको नको म्हणाली आणि पिशवीत टाकली.

साक्षीदार दुसरा: कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला. त्याने सही करण्याआधी सगळं वाचायला मागितलं. मी म्हटलं, साक्षीदाराने सही पाहायची असते, मजकूर नाही. तो म्हणाला, “मावशी, मग मी शब्दांकडे बघत नाही, पण डाग कसला तो सांगा.” सांगितला.

स्थळ: मागचं दार. तारीख डॉक्टरांच्या दाखल्यावर आहे तीच, भिंतीकडे बघून घातलेली.

सह्या झाल्यावर कागदात काही वाढवायचं नसतं. हे वाढवलेलं नाही, झालं ते नोंदवलं आहे. दुसऱ्या दिवशी दुपारी मी मुलाला फोन लावला, “खाली बस जरा,” म्हटलं, आणि हा कागद पहिल्या ओळीपासून त्याला वाचून दाखवला.